दोन वाजता, फाटकाशी

"बाबा, आत्ता नाही. तुझी वेळ दोननंतर."

बाबाच्या हातात कंगवा तसाच राहिला. सहा वर्षांच्या लेकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि आईच्या पुढ्यात जाऊन बसली. आईने वेणी घातली. बाबाला लागलं ते. पण पोरगी खोटं थोडीच बोलत होती! तो पहाटे कारखान्यात शिरायचा तो दोनला सुटायचा, दोनलाच बायको आत जायची, आणि फाटकाशी पोरगी या हातातून त्या हातात. रोजचंच.

आज बॉयलर बिघडला म्हणून कारखाना बंद. तिघं एकाच वेळी घरात, आणि कोणी कुठे बसावं तेच कळेना. दारात समोरासमोर आले की नवरा-बायको पाहुण्यांसारखे एकमेकांना वाट देत होते. बाबाने दोनदा माकडासारखं तोंड करून पाहिलं. लेक ढिम्म हसली नाही.

पावणेदोनला तिने बूट चढवले, पाण्याची बाटली गळ्यात अडकवली.

"अगं, आज बंद आहे ना सगळं," आई म्हणाली. "बाबा घरीच आहे."

"हो. म्हणून त्याला पण न्यायचंय."

गेले बापडे तिघंही. फाटकाला हे भलंमोठं कुलूप. रखवालदार स्टुलावर पेपर चाळत बसला होता. "काय हो, सुट्टी पचत नाही वाटतं!" म्हणाला. कोणीच हसलं नाही, तसा पुन्हा पेपरात शिरला.

भोंगा काही आज वाजणार नव्हता. आईनेच मनगटावरचं घड्याळ बघून "वाजले" म्हटलं. लेकीने तिचा हात सोडला, बाबाचा धरला, आणि तिचं तोंड जे सुटलं!

"बाबा, हे बघ, गुडघ्याची खपली पडली! सकाळीच पडली, अंघोळ करताना!"

"मग सकाळीच नाही का सांगायचं, राणी?"

"सकाळी तू कामावर असतोस."

बाबा खाली बसला आणि गुडघा नीट पाहिला. खपलीखालची कातडी गुलाबी होती.

"चला, मी पण येते," आई म्हणाली.

"तू जा आता, आई. उशीर होईल तुला." लेकीने हात हलवला आणि बाबाला ओढत निघाली.

आई कुलपाकडे तोंड करून उभी राहिली. घरी जायचा रस्ता एकच होता, म्हणून तिने त्या दोघांना पुढे जाऊ दिलं.