ओट्याचं माप

"अजून चार बोटं खाली घ्या," आई म्हणाली.

बाबांनी गळ्यातली टेप काढली. बाबा शिंपी. सदरा असो की स्वयंपाकाचा ओटा, माप घ्यायचं ते याच कापडी टेपने. जुना ओटा फोडून झाला होता. त्या जागी आई स्टुलावर बसली होती आणि बाबा तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडत होते.

"घराला सदरा शिवताय का बाबा?" धाकटीने विचारलं. तिला घरात सगळे मुकादम म्हणत. स्वतः वीट उचलायची नाही, पण कुठली वीट कुठे ठेवायची ते सगळ्यांना सांगत फिरायची.

"आणि आजी तर तुझ्याहून बुटकी आहे," थोरली आईला म्हणाली. तिच्या हातात घमेलं होतं, केसांत सिमेंट. "तुझ्या मापाचा ओटा तिला कसा चालेल?"

"बसल्यावर सगळ्या बायका सारख्याच."

बाबांनी खडूने भिंतीवर रेघ मारली, पुसली आणि पुन्हा मारली.

घराची ही सगळी उलथापालथ आजीच्या फोनने सुरू झाली होती. "मी येतेय तुमच्याकडे राहायला. चाकांची खुर्ची घेऊन येतेय. दारातून आत जाईल ना रे ती?" एवढं बाबांना विचारून तिने फोन ठेवून दिला. आजीची ती रीतच होती. शेजारी बसून ऐकणाऱ्या मुली मात्र हबकल्या. आजी म्हणजे खमकी बाई, तिला कधी साधी काठी लागली नव्हती. पडली का, काय झालं, असं थोरलीने विचारून विचारून बाबांचं डोकं खाल्लं.

"आली की तिलाच विचार," बाबा म्हणाले.

खरं नवल होतं ते आईचं. सासूसुनेचं एकमेकींशी कधी म्हणजे कधी पटलं नव्हतं. मुली लहान असताना याच ओट्यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. एका ओट्यापुढे दोघी मावत नाहीत, असं म्हणून आजीने बॅग भरली आणि काकाकडे गेली, ती गेलीच. आणि आता त्याच ओट्यासाठी आई जिवाचं रान करत होती. सून असावी तर अशी, असं शेजारीसुद्धा म्हणायला लागले होते.

"एकच लक्षात ठेवा," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "खुर्चीतल्या माणसाला पाणी प्यायला, दिवा लावायला, परसात जायला कुणाला हाक मारावी लागता कामा नये. प्रत्येक गोष्टीला हाक मारावी लागली की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो."

मग अख्खं घर खाली यायला लागलं. दिव्यांची बटणं, आरसा, परसातली कपडे वाळत घालायची दोरी. पायऱ्यांच्या जागी उतार आला. पहिला उतार मुकादमच्या देखरेखीखाली झाला, आणि तो असा काही झाला की वर ठेवलेली बादली थेट फाटकावर जाऊन आदळली. सगळे पोट धरधरून हसले. बाबाही हसले, मग तो सगळा फोडून त्यांनी लांबलचक, सोपा उतार केला. दाराची चौकट मापापेक्षा दोन बोटं रुंद ठेवली.

"कपड्यात थोडं जास्तीचं असावं," ते म्हणाले. "अडून बसायला नको."

थोरलीने परसात विटांचे उंच वाफे रचले, बसल्या बसल्या मातीत हात घालता येईल असे. आईने स्टुलावर बसून भिंतींचा खालचा अर्धा भाग रंगवला. वरचा तुमचा, म्हणाली. ब्रश दोनदा तिच्या हातून निसटला.

"हाताला भोकं पडलीयेत का गं तुझ्या?" मुकादमने विचारलं.

"तुझ्यासारखी मुकादम मिळाल्यावर मालकिणीने कशाला राबायचं?"

शेवटी ओट्यावरची उंच फळी तेवढी राहिली. थोरली ती काढायला पक्कड घेऊन आली.

"राहू दे ती," आई म्हणाली.

"अगं, आजीचा हात तरी पोचेल का तिथे?"

"असू दे. एखादी गोष्ट तरी कुणीतरी काढून द्यावी की माणसाला."

संध्याकाळी सगळे परसात वाफ्यांच्या कडेवर चहा घेऊन बसले. आईने कप दोन्ही हातांनी धरला होता. ती नव्या उताराकडे बघत होती, मग मुलींच्या सोललेल्या तळव्यांकडे.

"किती केलंत गं तुम्ही. असं घर कुणाच्या नशिबी असतं? मी फार भाग्याची आहे."

"हे आजीने म्हणायचं," मुकादम म्हणाली. "तू काय म्हणतेस!"

"मीही म्हणते. काय बिघडलं?" आई हसली. थोरलीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आपल्या आईचं मन एवढं मोठं आहे हे आपल्याला कधी कळलंच नाही, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी गाडी थांबली. चौघंही दारात उभी राहिली, आई नव्या कठड्याला धरून. मुकादमने आजीला धरायला म्हणून धाव घेतली आणि अर्ध्या वाटेतच थबकली.

आजी गाडीतून टुणकन उतरली होती. "बाजूला हो गं," म्हणत तिने स्वतःच घडीची खुर्ची उलगडली, ब्रेक तपासला आणि ती रिकामी खुर्ची ढकलत उतारावरून तरतर वर आली. थेट सुनेसमोर येऊन थांबली. तिच्या कठड्यावरच्या थरथरत्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"बस आता, फार वेळ उभी राहिलीस," आजी म्हणाली. "आणि ओटा तुझाच हो. वरच्या फळीवरचं तेवढं मी काढून देत जाईन."