साकव पूर्ण

"अगं, रुग्णवाहिका मागितली तर तो एजंट म्हणतो, साकव बांधून झालाय, चालत जा! झालाय तर मग दिसत का नाही मला?" दिगंबरकाका फोनवर तणतणत होते. काकूला खुर्चीत बसवून त्यांनी ओढ्यापर्यंत आणलं होतं. दवाखाना पलीकडे होता, आणि मधे साकवाचे नुसते दोन खांब.

फोनच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या पुतणीने, हेमांगीने, घाईघाईने साकवाची नोंद काढली. मंजूर रक्कम पूर्ण खर्च, एवढंच तिथे होतं. त्यावरून एजंट काय ठरवणार हे तिला पाठच होतं, कारण सरकारी खर्च शोधायच्या साधनाची माहितीपुस्तिका तिनेच लिहिली होती, एआय एजंटांसाठी. कचेऱ्यांमधून आता माणसं उरली नव्हती. एजंटच अर्ज वाचत आणि तिची पुस्तिका प्रमाण मानून निकाल देत. तीन वर्षांपूर्वी, काम झालं का हे पुन्हापुन्हा विचारून ते डोकं खात, म्हणून एका शुक्रवारी घरी जायच्या गडबडीत तिने एक ओळ टाकली होती: 'रक्कम पूर्ण खर्च झाली असल्यास काम पूर्ण समजावे.'

तिने ती ओळ खोडली. 'खर्च झाला म्हणजे काम झालं असं समजू नये,' असं लिहून दुरुस्ती पाठवली. तपासणाऱ्या एजंटचं उत्तर लगेच आलं: 'नामंजूर. ही दुरुस्ती पुस्तिकेशी विसंगत आहे.'

"झालं का गं काही?" काकांनी विचारलं. मागे काकू कण्हत होती.

"काका, तिला वरच्या रस्त्याने न्या."

"कुठला रस्ता?" काका म्हणाले. "तोही पूर्णच आहे."