वाकलेला रॉड

लिंबाजी मिस्त्रीनं जीपचं इंजिन तिसऱ्यांदा खोललं आणि इंजिनाला, ओढ्याला, स्वतःच्या नशिबाला एका दमात शिव्या हासडल्या. ओढ्याच्या पुरात बुडालेली ही डिझेल जीप. पहिल्यांदा त्यानं ऑइलात शिरलेलं पाणी काढून दिलं. दुसऱ्यांदा रिंगा-बेअरिंगा नव्या टाकल्या. तरी आठ दिवसांत ठकठक पुन्हा चालू. जिंतूरच्या स्टँडवर लोक उघड म्हणायला लागले होते, लिंबाजीचा हात गेला. वीस वर्षं कमावलेलं नाव एका जीपनं मातीत घालावं म्हणजे काय!

त्यानं तिसऱ्या पिस्टनचा रॉड काढून काचेवर आडवा ठेवला. रॉड डुलला.

"वाकलाय!" तो जीपमालक बन्सीधरवर खेकसला. "इंजिनात पाणी असताना सेल्फ मारून गाडी चालू करायला गेलं की रॉड वाकतोच. पयल्याच दिवशी इचारलं व्हतं ना तुमाला? न्हाई मारला म्हणलात, म्हणून मी रॉड तपासलाच न्हाई."

"न्हाईच मारला! किती डाव सांगू?"

"मालक, माणूस लबाड बोलंल, लोखंड न्हाई."

बन्सीधर भडकला. त्याची बायको गीताबाई बाजार करून नुकतीच गॅरेजातल्या बाकड्यावर टेकली होती. तिच्या गळ्याला हात लावून तो ओरडला, "हिची आन घेतो! म्या सेल्फला बोट लावलं असंल तर बघा!"

लिंबाजीनं रॉड बाजूला सारला. बायकोच्या गळ्याची आन घेऊन कोण खोटं बोलेल? मग चुकलं ते आपलंच. लोक म्हणतात ते खरंच असेल का? त्यानं पाना खाली ठेवला.

"ते खरं बोलायलेत, मिस्त्री." गीताबाईनं नवऱ्याचा हात गळ्यावरून काढला. "सेल्फ म्या मारला. पाच-सात डाव मारला. पाणी सीटला लागलं व्हतं."

लिंबाजीला आधी हायसं वाटलं. मग तो चमकला.

"तुमी मारला? मग हे कुठं व्हते?"

बन्सीधर रस्त्याकडं बघायला लागला.

"काठावर," गीताबाई म्हणाली. "ह्यांला पवायला येतं. मला येत न्हाई."