टोपलीतला कागद

“सहा मेसेज! सहा मेसेज पाठवले, आणि पोरीला एक ओळ लिहवत नाही!” व्हर्ना टॉलेफसन बाईंनी वाचनालयाच्या संगणकाचा माऊस टेबलावर आपटला.

ग्रंथपाल रोझलिंड जागची हलली नाही. ती पंचेचाळीस वर्षांची होती, पण दुसरीत बाईंच्या हाताखाली शिकलेली. अजूनही ती त्यांना ‘बाई’च म्हणायची. मिनेसोटातलं ते अख्खं गावच म्हणायचं.

टेबलावर इस्पितळाचा फॉर्म होता. सोमवारी बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन. सगळे रकाने वळणदार अक्षरात भरलेले, एकच कोरा: ‘घरी सोबत कोण राहणार? नाव लिहा.’ आज बारापर्यंत फॉर्म पोचला नाही तर ऑपरेशनची तारीख दुसऱ्याला जाणार होती. आणि तो रकाना कोरा असेल तर फॉर्म घेणार नाही, असं नर्सने बजावलं होतं.

मारेन ही बाईंची एकुलती एक मुलगी. मालाचा मोठा ट्रक घेऊन ती देशभर फिरायची. फोनवर मायलेकींचं दोन मिनिटांत वाजायचं. जूनमध्ये तर दोघींनी एकाच वेळी फोन आपटला होता. म्हणून रोझलिंडने युक्ती सुचवली. मारेनचा नंबर आणि त्यापुढे तिच्या फोन कंपनीचा पत्ता घातला की इथून ईमेल निघतो आणि तिच्या मोबाइलवर मेसेज होऊन पडतो. तो पत्ता तिने ‘मारेन’ या नावाने साठवूनही दिला. बाई रोज दहाला यायच्या, त्या नावावर टिचकी मारायच्या आणि एकच प्रश्न पाठवायच्या: सोमवारी येशील का?

“रस्त्यावर असते हो ती, बाई. जमलं नसेल.”

“जेवायला तरी थांबते ना? तेव्हा काय अंगठे गळून पडतात?” बाई कडाडल्या. “जिने लिहायचं ती लिहीत नाही, आणि ज्याला कोणी विचारलं नाही तो रोज लिहितो!”

“कोण?”

“मला काय ठाऊक! नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. त्या ‘जंक’च्या कप्प्यात रोज एक येऊन बसतं. मी उघडतसुद्धा नाही. जाताना कप्पा रिकामा करते आणि उठते. तूच पाटी लावलीयेस ना, ‘संगणक स्वच्छ ठेवून उठा’?”

रोझलिंड हसली. “नाव नाही, तर कागद नाही!”

तो बाईंच्या वर्गाचा नियम होता. चाळीस वर्षं चाललेला. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात नाव नसेल, तर कागद थेट टोपलीत. मारेनही त्याच वर्गात होती आणि तिला सूट नव्हती. शाळेत तिनेही आईला ‘बाई’च म्हणायचं. एकदा स्पेलिंगच्या चाचणीत तिचे वीसच्या वीस शब्द बरोबर आले, पण नाव राहिलं. बाईंनी तो कागद सगळ्या वर्गादेखत टोपलीत टाकला.

“केवढी रडली होती घरी येऊन,” बाई म्हणाल्या. “पण पुन्हा कधी नाव विसरली नाही. शिस्त अशीच लागते.”

घड्याळात अकरा वाजून गेले होते. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या रकान्याकडे पाहिलं आणि परत लावलं.

“राहू दे. नाहीच करायचं ऑपरेशन. लंगडेन.”

त्यांनी जाण्याआधीचं रोजचं काम सुरू केलं. जंकचा कप्पा उघडला. आत एकच ईमेल होता. बाईंनी ‘रिकामा करा’वर बाण नेला.

“थांबा!” रोझलिंडने बाईंचा हातच धरला. असं धाडस तिने जन्मात केलं नव्हतं. “बाई, फोनवरून उत्तर आलं की ते ईमेल होऊन इथे येतं. पण ते आपण साठवलेल्या पत्त्यावरून येत नाही, म्हणून त्यावर नाव नसतं. नुसता नंबर येतो. आणि अनोळखी नंबर दिसला की संगणक तो कचऱ्यात टाकतो. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.”

बाई चष्मा सावरून ओठ हलवत आकडे वाचू लागल्या. शेवटच्या चार आकड्यांपाशी त्यांचे ओठ थांबले.

“पाच टाकले मी,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताने.”

रोझलिंडने सहावा उघडला.

‘नाव: मारेन टॉलेफसन. इयत्ता: दुसरी. बाई, सहाव्यांदा लिहितेय, सोमवारी येतेय. या कागदावर नाव आहे. आता तरी टोपलीत टाकू नका.’