लेटमार्क

"पहिल्या वेळी सिझर का करावं लागलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्याने उगाचच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बायकोचा चेहरा मात्र खुलला. ही हकीकत सांगायला तिला भारी आवडायचं.

"बाळाचे ठोके कमी झाले होते. यांनी एक मिनिटही वाया घालवलं नाही, लगेच सही केली. म्हणून आमची पोरगी वाचली, डॉक्टर. यांना डेपोत सगळे 'घड्याळ' म्हणतात, ते काही उगाच नाही."

घड्याळाने मान खाली घातली. बस डेपोत तो वाहतूक नियंत्रक होता. कोणती गाडी किती वाजता सुटली, हे लिहून ठेवणं त्याचं काम. अठरा वर्षांच्या नोकरीत एकही लेटमार्क नव्हता. पोरगी झाली तेव्हा ड्रायव्हर लोकांनी चेष्टाही केली होती, "साहेबांनी बाळसुद्धा टायमावर काढलं!" तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसला होता. बायकोलाही त्याच्या वेळेचा अभिमान. रोज सकाळी दारात डब्याची पिशवी हातात देऊन ती म्हणायची, "निघा, उशीर होईल."

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "आठवा महिना आहे, सगळं ठीक आहे. नॉर्मलचा प्रयत्न करता येईल, पण जुनी फाइल लागेल. आत गर्भपिशवीवर छेद आडवा घेतलाय की उभा, ते वरच्या व्रणावरून कळत नाही. उभा असेल, तर कळांमध्ये तो उसवायची भीती जास्त. फाइल नसेल तर मी ती जोखीम घेणार नाही. सरळ ऑपरेशनची तारीख देईन."

"फाइल घर बदलताना कुठेतरी गेली," बायको म्हणाली. "आणि ते हॉस्पिटलही आता बंद पडलंय. पण मला एकदा प्रयत्न करून बघायचाय हो."

का, ते त्याला ठाऊक होतं. गेल्या वेळी तिचे टाके पिकले होते. दीड महिना तिला स्वतःच्या पोरीला उचलून घेता आलं नव्हतं. साधा खोकला आला तरी ती पोटावर उशी दाबून धरायची आणि डोळे मिटून घ्यायची.

डॉक्टरबाईंनी एक आठवडा दिला.

फाइल कुठेही गेलेली नव्हती. डेपोतल्या त्याच्या लोखंडी कपाटात, जुन्या नोंदवह्यांच्या खाली ती पाच वर्षं पडून होती. तिच्यात एक ओळ होती. ती बायकोच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी त्याने फाइल तिथे नेऊन ठेवली होती. फाडून टाकावी असं कितीदा मनात आलं, पण लिहिलेली नोंद फाडायला त्याचा हात धजावला नाही.

घरी त्याने फाइल शोधण्याचं नाटक मन लावून केलं. माळा उपसला, पलंगाखालच्या पेट्या काढल्या. बायको फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं, सगळं घर पालथं घातलं यांनी. दमले बिचारे." त्या 'बिचारे'ने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने आणखी एक पेटी पुढे ओढली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा बायको ती जुनी उशी मांडीवर घेऊन बसली होती. तिला नवा अभ्रा घालत होती.

"ऑपरेशनच होणार ना आता," ती म्हणाली. "असू दे जवळ."

दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी होती. सकाळी तो आधी डेपोत गेला आणि फाइल घेऊन आला. "कपाटात सापडली," एवढंच म्हणाला. बायकोला इतका आनंद झाला की तिने काहीच विचारलं नाही. दोघं तसेच दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी पानं उलटली. "छेद आडवा आहे. छान." मग त्या एका पानावर थांबल्या. "ठोके कमी झाल्याचं यात कुठेच नाही. ठोके व्यवस्थित होते. बाळंतपण नीट पुढे सरकत होतं, अजून पाच-सहा तास लागले असते. इथे लिहिलंय, शस्त्रक्रिया पतीच्या विनंतीवरून."

"दुसऱ्या कुणाची तरी फाइल असेल ती," बायको लगेच म्हणाली. "हे असं करणार नाहीत."

त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"माझीच सही आहे," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "का?"

"रजा एकाच दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचची ड्युटी होती. लेटमार्क लागला असता."

पाच वर्षं मनात दडवलेलं हे कारण तोंडाबाहेर पडल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. बायको रडली नाही. तिने पदर सारखा केला आणि हात पोटावर ठेवला.

डॉक्टरबाई आता फक्त तिच्याशी बोलल्या. "नॉर्मल होण्याची शक्यता चांगली आहे. धोका थोडा आहे, पण आहे. आम्ही सतत लक्ष ठेवू, ऑपरेशनची तयारीही ठेवू. वेळ मात्र सांगता येत नाही. बारा तास लागतील, अठराही लागतील. सोबत कुणीतरी हवं. ठरवायचं तुम्ही."

"नॉर्मलचा प्रयत्न करायचाय," ती म्हणाली.

"मी थांबेन," तो घाईघाईने म्हणाला. "कितीही तास लागू देत. महिनाभराची रजा टाकतो."

"माझी बहीण थांबेल," तिने डॉक्टरबाईंना सांगितलं.

मग ती उठली. खुर्चीला अडकवलेली त्याची डब्याची पिशवी तिने काढली आणि रोज दारात देते तशी त्याच्या हातात दिली.

"निघा," ती म्हणाली. "उशीर होईल."