पहिले दोन हात

दादामियाँ कल्याणप्पाच्या परसात शिरले तेव्हा तो मजुरीनं खणायला आलेल्या मल्लम्मावर तापलेला होता. सकाळपासून धान्य साठवायच्या पेवाचा खड्डा जेमतेम हातभर खोल गेला होता. खळ्यावर ज्वारी उघडी पडली होती, लोहारा गावाच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं, आणि ही बाई पहार सोडून खुरप्यानं माती खरवडत बसली होती. तिचा नवरा गुरुलिंग पहार घेऊन काठावर नुसता उभा.

"बरं झालं आलात," कल्याणप्पा म्हणाला. "तुमीच सांगा हिला. जागा तुमी दावली, चुन्याची रेघ तुमी मारली. मग आता खुरपं कशाला?"

रेघ सहा हात पलीकडं होती. तिच्याखालून गावाचा नळ जातो, असं दादामियाँनी सकाळीच बजावलं होतं. रेघेच्या अलीकडं खुशाल खणा, असंही तेच म्हणाले होते.

नळ भाजक्या मातीचा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तो चौकातल्या हौदात आणून सोडायचा, आणि सगळा गाव तेच पाणी प्यायचा. नळाची राखण वीस वर्षं दादामियाँकडं होती. दोन सालांमागं एकानं गोठ्याची मेढ रोवताना पहार घातली. खापऱ्या निघाल्या. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खापऱ्या निघतातच, म्हणून त्यानं त्या फेकून दिल्या आणि मेढ रोवून टाकली. फुटक्या नळात गोठ्याचं पाणी झिरपत राहिलं. आठवड्याभरात पटकी आली. तहसिलीतून डॉक्टर येईपर्यंत नऊ माणसं गेली होती. त्यांत दादामियाँची बायको अजीजाबी होती. लोखंडी नळासाठी गावानं हैदराबादला सरकारकडं अर्ज केला. जगभर पेटलेली लढाई संपेपर्यंत लोखंड मिळणार नाही, असं उर्दूत उत्तर आलं.

मेढ रोवणाऱ्याला दादामियाँनी कधी बोल लावला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून ते सांगत सुटले. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर, बाजारच्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर, रोज हौदावर बायकांना. खणायच्या आधी मला विचारा, आणि विचारलं तरी पहिले दोन हात पहार लावू नका. लोक हसायचे. कुणी लसणाचा वाफा काढतानाही हाक मारायचं, "दादामियाँ, हितं नळ न्हाय ना?" पण विचारायचे.

आता कल्याणप्पा त्यांच्या तोंडाकडं बघत होता. आभाळ आणखी काळवंडलं होतं. माणसाची अडचण दादामियाँना दिसत होती, आणि जागेबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. घे बाई पहार, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही.

मल्लम्मानं मान वर केली नाही. "दोन हात व्हऊ द्या," ती म्हणाली. "तुमीच सांगितलंय नव्हं? हौदावर. म्या तिथंच व्हते."

दादामियाँना हसू आलं. आपलाच शब्द आपण कसा मोडायचा? त्यांनी कल्याणप्पाला घटकाभर दम धरायला सांगितलं आणि तेही काठावर टेकले.

घटकाभरही लागलं नाही. खुरपं कशावर तरी करकरलं. मल्लम्मा थांबली. तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती सारली. लाल, ओलसर, गोल पाठ वर आली.

दादामियाँ गुडघ्यांचं दुखणं विसरून खड्ड्यात उतरले. त्यांनी तळवा टेकवला. आतून पाणी वाहत असल्याची बारीक थरथर हाताला लागली. सांध्यावरचा चुना शाबूत होता. कुठं चीरसुद्धा नव्हती.

नळ तपासायला ठेवलेल्या वरच्या आणि खालच्या झाकणांमधली सरळ ओळ धरून ते वीस वर्षं नळाची जागा सांगत आले होते. मधे खडक लागला म्हणून नळ टाकणाऱ्यांनी इथं वळसा घेतला असणार. ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. गुरुलिंगच्या हातातल्या पहारेकडं त्यांची नजर गेली. मातीतच ते खाली बसले. तळवा नळावरून उचलवेना. पाणी वाहत होतं. 'या अल्ला,' एवढंच ते पुटपुटले, आणि दोन सालांत पहिल्यांदा त्यांचा श्वास तळापर्यंत गेला.

कल्याणप्पाचा राग कुठल्या कुठं गेला होता. त्यानं स्वतःच्या हातानं मऊ माती आणून नळावर पसरली. पेव घराच्या दुसऱ्या अंगाला खणायचं ठरलं, तेही खुरप्यापासूनच. ज्वारीवर त्यानं घरातली होती नव्हती ती जाजमं टाकायला पाठवली. मग जरा घुटमळून दादामियाँना हळूच म्हणाला, की नळ तर शाबूत आहे, गावात बोलायचं कशाला? उगाच तुमच्या नावाला बट्टा.

 मल्लम्माच्या डोक्यावर दादामियाँनी मातीनं माखलेला हात ठेवला आणि ते चौकाकडं निघाले.

हौदावर पाण्याची वेळ झाली होती. बायका घागरी भरत होत्या. पाणी कालच्यासारखंच नितळ होतं. काही घडलंय याचा कुणाला पत्ताही नव्हता. आज कुणाचं परस खणताय, असं त्यांच्यातल्या इरम्मानं हसतहसत विचारलं, तेव्हा दादामियाँ पायरीवर चढले. रेघ कुठं मारली, नळ कुठं निघाला, मल्लम्मानं काय केलं आणि आपण काय बोलणार होतो, ते सगळं त्यांनी सांगून टाकलं. घागरी भरायच्या थांबल्या.

"आजपस्तोर म्या म्हणत आलो, मला विचारा," ते म्हणाले. "विचारा. पन उद्या म्या सोता पहार मारा म्हणलो, तर माझं ऐकू नका."