वरातीची घोडी

एरंडोलच्या कौतिकभाऊंची घोडी लग्नसराईत नवरदेवाला घेऊन नाचायची. एरवी त्यांची मुलगी डिंपल तिला केळीच्या आडव्या खांबांवरून उडी मारायला शिकवायची. जत्रेत जिंकत, जिल्ह्यात जिंकत दोघी धुळ्याच्या शो जंपिंग स्पर्धेत पोचल्या. इथून राज्याचा संघ निवडणार होते. फेरीत अडथळ्यांची एकही दांडी पडली नव्हती. शेवटचा अडथळा उरला आणि शेजारच्या मंगल कार्यालयात बँड वाजू लागला. घोडी थबकली, नाचू लागली. लोक हसले. टाच मारूनही ऐकेना. कठड्याशी उभ्या कौतिकभाऊंनी ओठ आवळले. बाहेरून आवाज दिला तर पोर बाद होणार होती. डिंपल घोडीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. घोडीने नाच आवरला आणि दौडत अडथळा ओलांडला. निवड झाल्यावर पंचांनी विचारलं, “तिला काय सांगितलंस?” “‘नवरदेव उतरना, आते चाल घर.’ वरात संपून नवरदेव उतरला की माझे आबा तिला घरी न्यायला हेच सांगतात.”